प्रिहांतोचा मोकळा फळा

मास प्रिहांतोसमोर ‘फुकट’ हा शब्द काढायचा नाही. मी एकदा काढला आणि माझी कॉफी तिथेच निवून गेली.

“म्बाक लास्मी, फुकट नाही, मोकळं,” तो म्हणाला. मी त्याला मास म्हणते, म्हणजे दादा; तो मला म्बाक, म्हणजे ताई. हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्याने माझ्याकडे असा रोखला, जणू उघडून पडलेला प्रिंटर मीच होते. “फुकट म्हणजे लग्नातलं जेवण. खाल्लं, हात धुतले, निघालो. मोकळं म्हणजे तुला चूल दिली, भांडी दिली, मसाला काय घातला तेही सांगितलं. आता तुला तिखट हवं तर तू तिखट कर.”

“मास, मला तिखट नको आणि आंबटही नको. झडपेचं काम कुणाकडे आहे आणि ते कुठवर आलंय, एवढं मला फोनवर दिसलं की झालं.”

“तेच तर सांगतोय!”

तो ते सांगत नव्हता. प्रिहांतो कधीच ‘ते’ सांगत नाही. त्याला वेळ विचारली तर तो घड्याळ कुणाच्या मालकीचं असावं इथून सुरुवात करतो. पण आमच्या ताम्बाकरांदू वस्तीत संगणकातलं कळणारा तो एकटाच, आणि मला अडचण होती. म्हणून मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले.

अडचण साधी होती. आमची वस्ती जावा बेटावरच्या सेमारांग शहराच्या उत्तरेला, अगदी समुद्राच्या काठाशी. जमीन खचत चाललीय आणि समुद्र वर येतोय. भरतीचं पाणी गटारांतून उलटं येऊन थेट स्वयंपाकघरात उभं राहतं. याला आम्ही रोब म्हणतो. दर काही वर्षांनी माणसं घरात माती टाकून जमीन उचलून घेतात, पण छप्पर उचलायला पैसे कुणाकडे असतात? त्यामुळे जुन्या घरांच्या खिडक्या आता गुडघ्याशी आल्यात, आणि माझ्याच घरात शिरताना मला मान वाकवावी लागते. आयुष्यात मी तेवढ्याच एका ठिकाणी मान वाकवते.

मे महिन्यात वर्षातली सगळ्यात मोठी भरती येते. ती अडवायला आमच्याकडे नाल्याच्या तोंडावर एक लोखंडी झडप आणि एक डिझेलचा पंप. बस. झडपेची बिजागरी गंजून गेली होती, खालची कड कुरतडल्यासारखी झाली होती. आदल्या वर्षी ती नीट बसलीच नाही. बू मुन्तामाहच्या, म्हणजे मुन्तामाहकाकूच्या, मासे धुरवायच्या भट्ट्या विरघळून चिखल झाल्या, माणसं आठवडेच्या आठवडे पलंगावर चुली मांडून राहिली. वस्तीची कामं वाटणं माझ्याकडे, म्हणून यंदा भरतीआधी झडप दुरुस्त झालीच पाहिजे, असं वस्तीने मला बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं. आणि मी हो म्हणते तेव्हा त्याचा अर्थ हो असाच असतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्याकडे तसं सगळ्यांचं नसतं. पुढे कळेलच.

पूर्वी कामं फोनवरच्या ग्रुपात वाटायचो. कुणाचं मयत, कुणाची प्रार्थना, कुणाकडे कोळंबीचे पापड विकायला आलेत, या सगळ्याच्या मध्ये ‘पंपाचं तेल बदला’ कुठे बुडून जायचं ते सापडायचं नाही. मग जकार्ताच्या एका संस्थेची गोड बोलणारी मुलं आली आणि त्यांनी एका परदेशी कंपनीचा फळा शिकवला. फोनवरच फळा. त्यावर तीन रकाने : राहिलेलं, चालू, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्डावर माणसाचं नाव आणि तारीख. काम पुढे गेलं की बोटाने कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. वस्तीला आवडला. मलाही आवडला, नाही कशाला म्हणू.

आणि एका सकाळी कंपनीचा निरोप आला : यापुढे मोजक्याच माणसांना फळा फुकट वापरता येईल, बाकीच्यांचे माणशी पैसे भरा. डॉलरमध्ये. दरमहा. माणशी! आम्ही काय बाजारात आणलेल्या शेळ्या आहोत? वर आमची जुनी कार्डं कुलपात. आम्ही लिहिलेली, आमच्या गटारांची कार्डं, आणि ती बघायला पैसे. मी त्यांना जे पत्र लिहिलं ते इथे देत नाही. लहान मुलंही वाचतात.

म्हणून मी प्रिहांतोच्या स्टुलावर येऊन बसले.

हा माणूस असा जन्मतःच नव्हता. तरुणपणी त्याचं इंटरनेटचं दुकान होतं, वस्तीतलं पहिलं. ओळीने संगणक, मध्ये प्लायवुडचे आडोसे, आणि दिवसभर गेम खेळणाऱ्या पोरांचा कालवा. संगणकांत सगळे प्रोग्राम परवान्याशिवाय, चोरून उतरवलेले. तेव्हा सगळ्यांचंच तसं असायचं. एके दिवशी धाड पडली आणि साहेब लोक सगळे संगणक टेम्पोत घालून घेऊन गेले. दुकानाच्या पायरीवर रिकाम्या वायरी हातात धरून प्रिहांतो बसला होता, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी त्याच्या शेजारी येऊन बसले ते फक्त म्बाह कास्बी, म्हणजे कास्बीआजोबा, आमचे म्हातारे वेल्डर. संध्याकाळ व्हायच्या आत म्हणाले, “उद्यापासून माझ्याकडे ये. लोखंडाला परवाना लागत नाही.”

संगणक परत मिळेपर्यंत प्रिहांतो म्बाह कास्बींच्या भट्टीवर राबला, त्यांच्या घरी जेवला. संगणक आले तेव्हा त्याने शपथ घेतली, की यापुढे ज्याच्या आत काय आहे ते उघडून बघता येत नाही असं काहीही यात घालणार नाही. जगभरातली माणसं आपण लिहिलेले प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडे ठेवतात, कुणीही घ्यावेत, बदलावेत, पुढे द्यावेत, तेवढेच तो वापरणार. झालं असं, की त्यात पोरांचे गेम चालेनात. महिन्याभरात दुकान ओस. बायको नानिक म्हणाली, “तत्त्वाला कढीत घालून खाऊ का?” तेव्हापासून तो प्रिंटर आणि भाताचे कुकर दुरुस्त करतो, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला मोकळेपणावर व्याख्यान देतो. माणसं कुकर सोडून पळतात.

तर असा माणूस. त्याने आमच्यासाठी मोकळा फळा शोधायला घेतला आणि माझा छळ सुरू झाला.

पहिला जो त्याने लावला तो बहुतेक धरणं बांधणाऱ्यांसाठी होता. आडव्या पट्ट्या, पट्ट्यांतून बाण, बाणांवर टक्के. बू मुन्तामाहने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, “हा कुणाच्या छातीचा रिपोर्ट? जगेल का?” दुसरा देखणा होता, पण फळा जिथून चालायचा ते प्रिहांतोचं यंत्र म्हणजे बंद पडलेल्या बँकेच्या शाखेतून भंगारात आणलेला डबा. रोबच्या भीतीने तो त्याने कपाटावर नानिकच्या लग्नाच्या ट्रंकेशेजारी ठेवलाय. दहा माणसांनी एकदम फळा उघडला की डबा धापा टाकायचा आणि वस्तीभर फोन नुसते गरगरत राहायचे.

“कंपनीचा तरी चालत होता,” मी म्हटलं.

“कंपनीच्या फळ्यावर एका रकान्याचं नाव बदलायला गेलीस तेव्हा काय झालं होतं?”

पैसे मागितले होते. हा माणूस बरोबर असतो तेव्हा जास्त संताप येतो.

तिसरा साधा निघाला. पुन्हा तेच तीन रकाने, तीच कार्डं, नाव, तारीख. प्रिहांतोने त्यातले सगळे शब्द आमच्या भाषेत केले, आणि इथे त्याने काय करावं? वस्तीतली वडीलधारी माणसंही हे वाचणार, त्यांना बटणाने ‘भर’, ‘पूस’ असा हुकूम कसा सोडायचा, म्हणून सगळं अदबीच्या जावानीजमध्ये लिहिलं. नवीन कार्ड करायच्या बटणावर : ‘आपली मर्जी असेल तर काम सांगावे.’ पुसायच्या बटणावर : ‘क्षमा असावी, हे दूर करू का?’ बटणं एवढी लांब झाली, की फोनवर फळा दिसेना.

“हे काम करायचं आहे की राजवाड्यात पंगत बसवायची आहे?” मी ओरडले. त्याने अक्षरं बारीक केली. अदब कमी केली नाही.

तरीही एप्रिलमध्ये फळा चालू झाला. आणि काय सांगू, चमत्कार. नाल्यातला गाळ : झालं. वाळूच्या गोण्या : झालं. पंपाचं तेल : झालं. झडपेची बिजागरी, नाव म्बाह कास्बी : झालं. मी बसस्टॉपवर उभी राहून फोन बघायची आणि हसायची. प्रिहांतोला मी स्वतःच्या पैशाने मासा खाऊ घातला. माझ्या हातून असं फार वेळा घडत नाही.

भरतीला दोन आठवडे राहिले असताना मी सहज नाल्याकडे गेले. झडप जशीच्या तशी. एका बिजागरीवर लटकलेली, खाली हातभर फट, आणि त्या फटीत एक खेकडा आरामात बसलेला. नाला गाळाने काठोकाठ. गोण्या रिकाम्या, घडी घालून, दोरीने बांधून नीट ठेवलेल्या. कुणीतरी त्या धुतल्यासुद्धा होत्या.

रविवारी दुपारच्या प्रार्थनेनंतर मी सगळ्यांना वस्तीप्रमुख पाक त्रिस्नोंच्या ओसरीवर गोळा केलं. चहा आला, तळलेलं टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, आलं. मी हात लावला नाही.

“पाक त्रिस्नो, गाळ काढायचं कार्ड तुमच्या नावावर. ते ‘झालं’मध्ये तुम्ही सरकवलंत?”

“मी नाही बुवा,” ते म्हणाले. “मला वाटलं वेळ झाली की ते आपोआप सरकतं.”

“मी सरकवलं,” बू मुन्तामाह टेम्पे चघळत म्हणाली.

“तू? का?”

“का म्हणजे? त्यांच्या मुलीचं लग्न होतं. नवे व्याही पण फळ्यावर आहेत. अख्ख्या वस्तीसमोर मुलीच्या बापाचं नाव ‘राहिलेलं’मध्ये लटकतंय. शोभतं का?”

“आणि गाळ?”

“गाळ कुठे पळून चाललाय?”

“अगं बाई, आणि तुझ्या वाळूच्या गोण्या?”

बू मुन्तामाह चमकली. “माझ्या गोण्या झाल्या? कुणी भरल्या?”

“भरल्या नाहीत,” पाक त्रिस्नो हळूच म्हणाले. “तुमचं कार्ड मी सरकवलं. तुमची कंबर धरली होती. मला ते बरं दिसेना.”

“अय्या, कशाला त्रास घेतलात,” असं म्हणून ती खरंच लाजली.

मग एकेक कबुली. याने तिचं सरकवलं, तिने त्याच्या मेव्हण्याचं. स्वतःचं कार्ड कुणी म्हणजे कुणीही सरकवलं नव्हतं, माणसं प्रामाणिक. प्रत्येकाने शेजाऱ्याची अब्रू राखली होती. साठ माणसांनी मिळून एकमेकांची लाज झाकली आणि नाला उघडा ठेवला. मला हसावं की कुणाच्या तरी डोक्यात चहाची किटली घालावी कळेना.

“आणि झडपेचं?” मी विचारलं. “म्बाह कास्बींचं कार्ड कुणी सरकवलं?”

म्बाह कास्बी आले नव्हते. मी प्रिहांतोकडे वळले. “मास, तूच सांगत होतास ना, या फळ्यात काही लपत नाही, कुणी काय केलं सगळं नोंदलं जातं? उघड की ते.”

त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. त्यावर टोपी ठेवली.

“मोकळं म्हणजे चव्हाट्यावर मांडलेलं नाही,” तो म्हणाला.

“प्रिहांतो!”

“मी सरकवलं,” तो म्हणाला. “उघडायची गरज नाही.”



“मी रोज जात होतो म्हाताऱ्याकडे,” तो खाली बघत बोलू लागला. “कॉफी घेऊन. ते म्हणायचे, हो हो, उद्या. एके दिवशी मी दारातून पाहिलं. ते जुन्या पत्र्यावर हात बसवून बघत होते. हात थरथरतोय त्यांचा. तीन वेळा वेल्डिंग सांध्याऐवजी बाजूलाच चिकटलं. मग यंत्र बंद करून नुसते बसले. मी आत गेलो नाही. घरी आलो तर फळ्यावर त्यांच्या नावापुढे तारीख उलटल्याचा लाल ठिपका. तो रोज मोठा होतो, म्बाक. ती सोय मीच हौसेने चालू केली होती.”

“मग त्यांचं नाव काढून दुसऱ्याचं घालायचं!”

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जिवंत माणसाची कबर खणायला सांगतेय. ती झडप म्बाह कास्बींनी स्वतःच्या हाताने बनवली होती. त्यांच्या हयातीत तिला दुसऱ्याने हात लावायचा तर त्यांनी तसं म्हणायला हवं. आणि ते म्हणणार नाहीत. विचारलं तर म्हणतील, हो हो, उद्या.

“छान,” मी उठले. “सगळ्यांची अब्रू शाबूत. दोन आठवड्यांनी अब्रूवर बसून तरंगा. आणि तुझा तो मोकळा फळा, मास, फाडून टाक. कंपनीवाले लुटत होते, पण हा आपल्याला बुडवणार.”

“फाडतोच,” प्रिहांतो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

मला वाटलं रुसला. जाऊ दे, म्हटलं, रुसायला मलाही येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन उघडला तर फळा तिथेच, पण ओळखू येईना. कार्डावरचं नाव गेलेलं. तारखेचा लाल ठिपका गेलेला. कार्डावर उरलं होतं एवढंच : जागा कुठली, दिवस कुठला, येताना काय आणायचं, आणि जेवण कुणाच्या घरी.

मी तशीच त्याच्या दुकानात शिरले. “नाव कुठाय? नावाशिवाय जबाबदारी कुणाची?”

“वस्तीची.”

“वस्तीची म्हणजे कुणाचीच नाही. हेच बदलायला मी जन्म घालवला.”

“सभेत घालवलास,” तो कुकर खोलत म्हणाला. “आपण घरांची जमीन उचलतो तेव्हा कुणाचं नाव लिहितो? आज अमक्याकडे माती टाकायची, जेवण तिथेच, एवढंच तर सांगतो. कुणी राहतं का घरी? ज्याला फावडं झेपतं तो फावडं घेतो, ज्याला नाही झेपत तो खुर्चीवर बसून शिव्या घालतो. तेही काम. तो परदेशी फळा लिहिणाऱ्यांनी आपल्यासारखी माणसं पाहिलीच नव्हती. आणि हा तिसरा लिहिणाऱ्यानेही पाहिली नव्हती, पण त्याने दार उघडं ठेवलं होतं. आत शिरलो आणि भिंत पाडली.”

“आणि ‘झालं’ कोण करणार? पुन्हा बू मुन्तामाह?”

“ज्या घरी जेवण, त्या घराने. दुसऱ्या कुणाच्या फोनवर ते बटणच दिसत नाही.” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “रांधणारीला माहीत असतं कोण घामाने आला आणि कोण नुसता भुकेने.”

मी कुकरचं झाकण त्याच्या पुढ्यात आपटलं आणि निघाले.

पहिलं कार्ड झडपेचं. जागा : म्बाह कास्बींची भट्टी. जेवण : म्बाह कास्बींच्याच घरी, म्हणजे ‘झालं’चं बटण त्यांच्या म्हातारीकडे, म्बाह सुमिराहकडे. वस्ती त्यांच्या अंगणात पाहुणी म्हणून गेली. यजमान काम करत नसतो, यजमान काम करवून घेतो. झडप उचलून आणली. वेल्डिंगचं यंत्र हातात घेतलं पाक त्रिस्नोंनी, ते पूर्वी जहाजांच्या गोदीत होते. म्बाह कास्बी खुर्चीवर बसले आणि दिवसभर त्यांनी पाक त्रिस्नोंना फाडून खाल्लं.

“त्रिस्नो, लोखंड जोडतोयस की शेंबूड पुसतोयस?”

“जोडतोय, म्बाह.”

“हात सैल सोड. प्रिहांतो, ह्याला दाखव. तुला शिकवलं होतं की विसरलास त्या खोक्यांच्या नादात?”

प्रिहांतोने मुखवटा चढवला आणि दाखवलं. म्हाताऱ्याने मान हलवली. पुढच्याच रविवारी झडप नाल्यावर बसली, खाली जाड रबराची पट्टी लावून. गोण्या भरल्या. नालाही बराचसा मोकळा झाला. बराचसा म्हणतेय, पूर्ण नाही. तो अजूनही राहिलाय आणि त्यावर मी वेगळं बोलणार आहे.

पण फळ्यावर झडप ‘राहिलेलं’मध्येच. एक दिवस, दोन दिवस. भरती दारात आली तरी तिथेच. मी म्बाह सुमिराहकडे गेले. फोन त्यांनी मिठाच्या बरणीमागे ठेवला होता.

“म्बाह, झडप बसली ना? सगळे जेवले ना? मग बटण दाबा की!”

“पाणी आलं का?”

“अजून नाही.”

“मग झडप झाली हे तुला कसं कळलं?” म्हातारी म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

मी प्रिहांतोला फोन करून त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो म्हणाला, “बटण त्यांचं आहे. मी काय करू?”

भरती दुपारी आली. अख्खी वस्ती नाल्याच्या काठावर. पाणी झडपेला टेकलं, चढलं, वरच्या कडेच्या वीतभर खाली येऊन थांबलं आणि तिथे धडका देत राहिलं. झडप कण्हली. खालून थोडं झिरपलं, पंपाने ते उपसून बाहेर टाकलं. गल्लीत पाणी आलं, घोट्याला लागेल इतकं. घरात नाही. बू मुन्तामाहच्या भट्ट्यांतून धूर निघत होता. म्बाह कास्बी झडपेवर तळवा टेकवून उभे होते आणि तो तळवा थरथरत होता, पण झडपच थरथरत होती, त्यामुळे कुणाचं काय ते सांगता येत नव्हतं.

प्रिहांतो माझ्याशेजारी, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. आता हा मोकळेपणावर बोलणार म्हणून मी आधीच दात आवळले. पण तो म्हाताऱ्याकडे बघत होता.

पाणी ओसरायला लागलं आणि माझा फोन वाजला. सगळ्यांचेच वाजले. फळ्यावर, त्याच्या त्या बारीक अक्षरांत :

‘आपली कृपा असेल तर कळावे, झडपेचे काम झाले.’

“हे वाक्य आधी बदल,” मी प्रिहांतोला म्हटलं. “नुसतं ‘झालं’ लिही.”

“हो हो,” तो म्हणाला. “उद्या.”